गिअरबॉक्सचा ८ एमएम शाफ्ट आणि चाकाचा १२ एमएम शाफ्ट कसा जोडायचा? ग्रब स्क्रू टिकतच नाहीत (रोबोकॉन ड्राइव्ह)

ड्राइव्हवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी, मेकॅनिकल तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या रोबोकॉन (कॉलेजांची रोबो स्पर्धा) टीममध्ये ड्राइव्हचं, म्हणजे रोबो पळवणाऱ्या चाकांचं काम माझ्याकडे आहे. आमच्या रोबोला चार ओम्नी चाकं (कडेला छोटे रोलर असलेली, आडवीही सरकणारी) आहेत, १२७ एमएमची, चारही कोपऱ्यांत ४५ डिग्रीत बसवलेली, आणि रोबोचं वजन सगळं धरून २५ किलोच्या आसपास जातंय. मोटर २४ व्होल्टची प्लॅनेटरी गिअरबॉक्सवाली आहे, रेशो १:२०, आउटपुट शाफ्ट ८ एमएमचा डी कट (गोल शाफ्टची एक बाजू सपाट कापलेली) आणि बाहेर जेमतेम १५ एमएम येतो. चाक मात्र वेगळ्या शाफ्टवर आहे, १२ एमएमचा ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील) ब्राइट बार, दोन्ही बाजूला केपी००१ पिलो ब्लॉक (बेअरिंग बसवलेले आधार) आणि मधे चाक. मोटर आणि हा शाफ्ट यांच्यात बाजारातलं ॲल्युमिनियमचं सरळ नळीसारखं कपलिंग टाकलंय, एका बाजूला ८ चं भोक, दुसऱ्या बाजूला १२ चं, प्रत्येक बाजूला दोन दोन एम४ ग्रब स्क्रू (डोकं नसलेले, टोकाने शाफ्टला दाबणारे).

आता प्रॉब्लेम असा आहे की थोडा वेळ जोरात पळवला की ग्रब ढिले होतात. लॉकटाइट २४३ (स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांना लावायचं द्रव्य) लावून बघितलं, थोडं जास्त टिकतं पण शेवटी तेच. दिशा बदलली की टक् असा आवाज येतो, मग डी च्या सपाट भागावर खड्डा पडलेला दिसतो आणि १२ च्या शाफ्टवर ग्रबने इतकी बर (धातूची वर उचललेली कड) उठते की कपलिंग काढायला हातोडी लागते. शिवाय आमचा एन्कोडर (किती फिरलं ते मोजणारा सेन्सर) मोटरच्या मागे आहे, त्यामुळे कपलिंग सरकलं की कोडला वाटतं रोबो बरोबर जागी आहे आणि प्रत्यक्षात तो तिरका उभा असतो.

टीममध्ये प्रत्येकाचं वेगळं मत आहे. सर म्हणतात ‘की’ (शाफ्ट आणि हब दोन्हींच्या खाचेत बसणारी चौकोनी पट्टी) मारा, एक सीनियर म्हणतो सरळ वेल्ड करून टाक, दुसरा म्हणतो आरपार पिन मार, आणि थ्रीडी प्रिंटरमध्ये असतं ते स्पायरल कपलिंग ऑनलाइन स्वस्तात दिसतंय. मोटरच्या तोंडापासून पहिल्या ब्लॉकपर्यंत ४० एमएम जागा आहे. लेथचं काम उद्यमनगरात करून मिळतं, वायर कटवालाही (बारीक तारेच्या विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणारा) माहितीतला आहे. यातलं नक्की काय करू?

चाकणवरून_एक_माजी

मित्रा, कपलिंग कुठलं घ्यायचं हा प्रश्न दुसरा, पहिला प्रश्न असा की तुझ्या शाफ्टला किती बेअरिंग आहेत? गिअरबॉक्सच्या आत आउटपुट शाफ्टला साधारण दोन असतात आणि बाहेर तुझे दोन पिलो ब्लॉक, म्हणजे एका रेषेत चार. आणि तू ते सगळं सॉलिड नळीने एकत्र बांधलंयस. तिपाई कुठल्याही जमिनीवर बसते आणि चार पायांचं स्टूल डुगडुगतं, तसं आहे हे. दोन बेअरिंगनी रेष ठरते, उरलेली दोन नेमकी त्या रेषेत येणारच नाहीत, थोडी वर किंवा बाजूला राहणार, आणि मग प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट एकदा इकडे एकदा तिकडे वाकवला जातो. हे वाकवणं सगळं कपलिंगच्या ग्रबवर येतं. म्हणून लॉकटाइट लावूनही ढिले होतायत, नुसत्या टॉर्कने नाही. चाकं हवेत धर, मोटर बंद ठेव आणि हाताने चाक फिरव. फेऱ्यात एका जागी जड लागतंय का बघ. लागत असेल तर कपलिंग बदलून काहीही होणार नाही, आधी ते सोडव.

आता टॉर्क. मोटरचा स्टॉल टॉर्क (मोटर अडकून थांबल्यावर ती लावते तो जास्तीत जास्त पीळ) बघून घाबरू नकोस, जमिनीवर पूर्ण टॉर्क लागतच नाही कारण त्याआधी चाक घसरतं. २५ किलोचा रोबो म्हणजे एका चाकावर साधारण ६१ न्यूटन. रोलरचा घर्षण गुणांक ०.८ धर, म्हणजे चाक जास्तीत जास्त ४९ न्यूटन ढकलेल, गुणिले त्रिज्या ०.०६३५ मीटर, आले ३.१ न्यूटन मीटर. हा झाला शांतपणे चालतानाचा आकडा. ८ च्या शाफ्टला त्रिज्या ४ एमएम, म्हणजे ग्रबच्या टोकावर जवळपास ७७५ न्यूटन, सुमारे ८० किलोचं ओझं, तेही एका टिचभर गोल टोकावर. आणि पूर्ण वेगात असताना तू एकदम उलटी कमांड दिलीस किंवा रोबो कुंपणावर आदळला तर तिथे १० न्यूटन मीटरही सहज येईल, म्हणजे अडीच हजार न्यूटन. कारण मोटरच्या रोटरचा जडपणा आउटपुटला रेशोच्या वर्गाने दिसतो, १:२० ला ४०० पट. एवढासा रोटर, पण गिअरबॉक्सच्या बाहेरून बघशील तर चांगलं जड फ्लायव्हील. कपलिंगमध्ये जरा जरी फट झाली की रोटर ती फट मोकळा पळत पार करतो आणि पलीकडे धडकतो, तोच तुझा टक् आवाज. प्रत्येक टक् ला खड्डा वाढतो, खड्डा वाढला की धडक वाढते, म्हणून सुरुवातीला बरं वाटतं आणि मग एकदम बिघडत जातं.

शाफ्ट तुटेल ही भीती मात्र सोड. १० न्यूटन मीटरला ८ एमएमच्या शाफ्टमध्ये शिअर स्ट्रेस १०० मेगापास्कलच्या आसपास येतो, चांगल्या स्टीलला ते चालतं. कमजोर आहे तो जोडच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, वजन कोण पेलणार आणि टॉर्क कोण नेणार हे वेगळं कर. वजन दोन पिलो ब्लॉकने पेलायचं, ते तू आधीच बरोबर केलंयस, खूप टीम चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर लटकवतात आणि हंगामाच्या शेवटी आउटपुट बेअरिंग खुळखुळायला लागतं. कपलिंगने फक्त टॉर्क न्यायचा आणि बाकी हलणं गिळायचं. त्यासाठी जॉ कपलिंग घे, मधे रबरासारखा स्पायडर असतो ते. पण ग्रबवालं नको, क्लॅम्पवालं घे, ज्यात हबला चीर असते आणि ॲलन बोल्टने तो शाफ्टला चारी बाजूंनी आवळतो. ॲल्युमिनियमचं ३० एमएम व्यासाचं ३५ एमएम लांबीचं मिळतं, तुझ्या ४० मध्ये बसतं.

लवजॉय (जॉ कपलिंग बनवणारी कंपनी) चं लोखंडी टाइप कोणी सुचवेल तर आकडे बघून घे, एल०७० साध्या रबर स्पायडरवर सुमारे ४.९ न्यूटन मीटर नेतं आणि लांबी ५० एमएमच्या वर जाते, एल०७५ सुमारे १० नेतं पण व्यास ४४ एमएम. चार चाकांना चार, वजन बघ किती वाढेल. कन्व्हेयरला उत्तम आहे, रोबोला नाही.

लेथवाले_काका

पोरांनो, वरच्या भावानं बेअरिंगचं बरोबर सांगितलंय. मी जॉबवर्क करतो, दरवर्षी कॉलेजची पोरं असली कपलिंग घेऊन येतात म्हणून चार गोष्टी सांगतो.

वेल्ड अजिबात करू नका. ईएन८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास असतो, गरम न करता वेल्ड मारला की शेजारी कडक होऊन तडा जातो, आणि उष्णता शाफ्टवाटे गिअरबॉक्समध्ये जाऊन सील आणि ग्रीस दोन्ही खलास. वर परत उघडायचं म्हटलं की ग्राइंडर. स्पर्धेच्या ठिकाणी मोटर जळली तर काय करणार?

पिन १२ च्या शाफ्टला चालेल, ३ एमएमची स्प्रिंग पिन मारा, पण ८ च्या शाफ्टला भोक पाडू नका. तो शाफ्ट आधीच डी ने कापलेला, त्यात ३ चं भोक म्हणजे काय उरलं? आणि गिअरबॉक्स न खोलता ड्रिल केलं की चुरा आत जाण्याची भीती. पिन ठोकताना खालून आधार दिला नाही तर तो ठोका सरळ आतल्या बेअरिंगला लागतो. कपलिंग हातोडीने काढताय असं लिहिलंय, ते आजपासून बंद करा, पुलर वापरा नाहीतर दोन बोल्ट लावून ओढून काढा.

की बद्दल तुमचे सर चूक नाहीत. १२ च्या शाफ्टला ४ बाय ४ ची की बसते, शाफ्टमध्ये खोली अडीच एमएम. १५ एमएम लांब की असली तर १० न्यूटन मीटरला तिच्यावर २८ न्यूटन प्रति चौरस एमएम एवढाच शिअर येतो, म्हणजे काहीच नाही. चाकाच्या हबला की माराच. पण ८ च्या शाफ्टला की म्हणजे २ बाय २, आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट बहुतेक कडक केलेला असतो, त्यात कीवे (कीची खाच) मारायला कोण बसणार. तिथे डी आयताच दिलाय, त्याचाच उपयोग करा. गोल भोकात डी शाफ्ट घालून वरून ग्रब लावायचा हे अर्धवट काम आहे. भोकच डी चं करा. वायर कटवाल्याकडे जा, डी बोअर अर्ध्या तासाचं पण काम नाही, ते कापलेल्या क्षेत्रफळावर पैसे घेतात आणि १५-१८ एमएम जाडीला फार होत नाहीत. मग टॉर्क पूर्ण सपाट पृष्ठभागावर येतो, ग्रबचं काम फक्त कपलिंग पुढे-मागे सरकू न देणं.

आणि भोकाचं माप. बाजारच्या कपलिंगमध्ये ८ चं भोक ८.१ असतं कधी कधी. आमच्याकडे या, ७.८ ने ड्रिल मारून ८ एच७ (नेमक्या मापाचं भोक करणारा) रीमर फिरवून देतो, शाफ्ट हाताने घट्ट सरकला पाहिजे, खुळखुळला नाही पाहिजे. फट असली की क्लॅम्प पण काही कामाचा नाही. ग्रब वापरायचेच असले तर दोन ग्रब एकमेकांच्या समोर लावू नका, ९० डिग्रीत लावा, म्हणजे शाफ्ट समोरच्या भिंतीला दाबून बसतो. आणि ग्रबच्या जागी शाफ्टवर कानशीने सपाट करा, मग बर उठली तरी कपलिंग अडकत नाही.

ड्राइव्हवाला_कोल्हापूर

काका, दादा, खूप खूप धन्यवाद, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. हाताने फिरवून बघितलं, चारपैकी दोन चाकांना फेऱ्यात एका जागी खरंच जड लागतंय. त्या दोन्हीचेच ग्रब सगळ्यात आधी ढिले होतात! स्टीलपट्टी लावून बघितलं तर मोटरचा शाफ्ट अर्ध्या एमएमच्या आसपास खाली आहे.

दोन शंका. एक, स्पायरल कपलिंग पण हलणं गिळतंच ना, मग ते का नको, ते जॉ पेक्षा लहान आणि हलकं आहे. दुसरी, जॉ कपलिंगमध्ये स्पायडर रबराचा, मग तिथे परत प्ले येणार आणि आमचं पोझिशनिंग बिघडणार असं कोडवाले म्हणतायत.

चाकणवरून_एक_माजी

स्पायरल कपलिंग लीड स्क्रूसाठी चांगलं, तिथे टॉर्क थोडा आणि धक्के नाहीत. त्याची चीर कापलेली भिंत पातळ असते, टॉर्क आला की स्प्रिंगसारखी पिळली जाते आणि उलटसुलट धक्क्यांनी थकून चिरेच्या टोकाला तुटते. ड्राइव्हच्या चाकाला लावू नकोस.

आणि अर्धा एमएम हे कुठलंही छोटं जॉ कपलिंग खुशीने गिळणार नाही. लवजॉयचे स्वतःचे आकडे समांतर चुकीसाठी ०.३८ एमएमच्या आसपास आणि कोनासाठी १ डिग्री आहेत, लहान ॲल्युमिनियमवाल्यांचे अजून कमी असतात. कपलिंग चूक माफ करतं म्हणून चूक तशीच ठेवायची नसते, आधी रेष ०.१ च्या आत आण. सोपी पद्धत सांगतो, मोटरची प्लेट आणि दोन्ही ब्लॉकच्या प्लेट एकत्र क्लॅम्प करून एकाच सेटिंगमध्ये मधलं भोक कर. प्लेट आधीच लेसर कटच्या असतील तर मोटरच्या प्लेटच्या बोल्टची भोकं जरा मोठी कर, कपलिंगच्या जागी काकांकडून एक तात्पुरती सॉलिड बुश बनवून घे, ८ आणि १२ दोन्ही भोकं एकाच चकिंगमध्ये (लेथवर एकदाच पकडून) केलेली, ती घालून सगळं आपोआप रेषेत येऊ दे आणि तेव्हा प्लेटचे बोल्ट आवळ. मग बुश काढून कपलिंग घाल.

सर्किट_आणि_सोल्डर

कोडवाल्यांच्या बाजूने मी बोलतो. प्लेची भीती बरोबर आहे पण आत्ताच्या तुमच्या ग्रबच्या खड्ड्यापुढे स्पायडर काहीच नाही. हिशोब करा, ४ एमएम त्रिज्येवर ०.१ एमएम फट असली तर जवळपास दीड डिग्री प्ले येतो आणि चाकाच्या कडेला तो १.६ एमएम होतो, चारही चाकांचा वेगवेगळा. वक्र दातांचं जॉ कपलिंग घेतलं तर स्पायडर थोडा दाबूनच बसतो, म्हणजे फट नसते, फक्त थोडं पिळणं असतं आणि ते परत जागेवर येतं. जे परत जागेवर येतं त्याचा पोझिशनवर साचत जाणारा परिणाम होत नाही, जे सरकतं त्याचा होतो.

पण खरं सांगायचं तर पोझिशन मोटरच्या एन्कोडरवर ठेवूच नका. ओम्नी चाक तसंही घसरतं. दोन छोटी मोकळी चाकं, स्प्रिंगने जमिनीला दाबलेली, त्यांना स्वतःचा एन्कोडर, आणि सोबत जायरो (वळण मोजणारा सेन्सर). मोटरचा एन्कोडर फक्त वेगाच्या पीआयडीला (वेग ठरल्याप्रमाणे राखणाऱ्या कोडला). मग कपलिंग कितीही पिळलं तरी रोबोला आपण कुठे आहोत ते कळतं.

आणि कृपा करून वेगाला रॅम्प लावा, म्हणजे वेग एकदम न बदलता टप्प्याटप्प्याने बदलू द्या. जॉयस्टिक फुल पुढे असताना फुल मागे केली की तुमचा कोड तो आकडा तसाच ड्रायव्हरला देत असणार. ०.१५-०.२ सेकंदांचा रॅम्प चालवणाऱ्याला जाणवतही नाही पण वर दादांनी सांगितलेली धडक अर्ध्याहून खाली येते. मोटर ड्रायव्हरला करंट लिमिट असेल तर तेही लावा, मेकॅनिकलवाल्यांचं निम्मं दुखणं तिथेच कमी होतं.

मीनल_मिशिगन

मी इकडे अमेरिकेत एका शाळेच्या एफआरसी (शाळकरी मुलांची रोबो स्पर्धा) टीमला मेंटर म्हणून मदत करते, मूळची सांगलीची, म्हणून कोल्हापूर बघून राहवलं नाही. इकडे हा प्रश्न मुलांना फारसा पडतच नाही आणि त्याचं कारण सांगण्यासारखं आहे. इथे जवळजवळ सगळं अर्ध्या इंचाच्या हेक्स शाफ्टवर चालतं. षटकोनी बार, सपाट ते सपाट १२.७ एमएम. गिअर, स्प्रॉकेट, चाकाचा हब, सगळ्यांचा बोअर तोच षटकोन, त्यामुळे की नाही, ग्रब नाही, शाफ्ट सरकवला की टॉर्क सहा बाजूंनी जातो. काही प्लॅनेटरी गिअरबॉक्सचं आउटपुटच हेक्स भोकाचं मिळतं, चाकाचा शाफ्ट थेट आत घुसवायचा, कपलिंग नावाची वस्तूच उरत नाही. बेअरिंगसाठी हेक्सचे कोपरे थोडे गोल केलेला बार मिळतो, तो १३.७५ एमएम भोकाच्या गोल बेअरिंगमध्ये बसतो.

तिकडे तयार हब मिळणार नाहीत हे माहितीये, पण हेक्स बार आपल्याकडे बोल्ट बनवणाऱ्यांना लागतो म्हणून मिळतो, आणि वायर कटवाला हाताशी आहे तर हबचं हेक्स भोक तोच करून देईल. या हंगामात बदलू नकोस, पण पुढच्या रोबोचं डिझाइन करताना पूर्ण ड्राइव्ह, इंटेक, लिफ्ट सगळ्याला एकच शाफ्टचा आकार ठरवा. स्पेअर पार्ट एकच पेटी होते, आणि पिटमध्ये घाईच्या वेळी कोणीही कुठलंही चाक कुठेही लावू शकतं. तुमचा प्रश्न एका जोडाचा वाटतो पण ८, १०, १२, डी, गोल, की असे पाच प्रकार एका रोबोत असले की दर आठवड्याला असा एक जोड उभा राहतो.

बेअरिंगबद्दल एक वेगळा उपाय, जागा कमी पडली तर. मोटर घट्ट न बांधता तरंगती ठेवायची, म्हणजे गिअरबॉक्सचा शाफ्ट चाकाच्या शाफ्टला सॉलिड जोडायचा आणि मोटरचं शरीर फक्त गोल फिरू नये म्हणून एका पट्टीने चेसिसला अडकवायचं, पट्टीच्या भोकात रबरी बुश. मग चार बेअरिंग रेषेत असण्याची गरजच राहत नाही, मोटर शाफ्टच्या मागे मागे जाते. मोटरचं वजन शाफ्टवर लटकतं, पण एक किलोच्या आतल्या मोटरला ते चालतं.

लेथवाले_काका

ताईंनी सांगितलेलं तरंगतं मोटरचं काम आमच्याकडे मोठ्या गिअरबॉक्सला रोज असतं, पोकळ शाफ्टचा गिअरबॉक्स आणि टॉर्क आर्म. ते करणार असाल तर कपलिंग वेगळं करूच नका. २० एमएमचा ईएन८ बार आणा, एका टोकाला १८ एमएम खोल ८ चं भोक, त्यात वायर कटने डी, बाहेरून एक चीर आणि एम४ चा आवळायचा बोल्ट, आणि पुढचा सगळा भाग टर्न करून १२ ला. कपलिंग आणि शाफ्ट एकच तुकडा. फक्त एक लक्षात ठेवा, वायर कटला आरपार जावं लागतं, म्हणून तारेसाठी पूर्ण लांबीत भोक पाहिजे, नाहीतर डी चा तुकडा वेगळा कापून प्रेस करून पिनने बसवा. लांब बारात बारीक भोक आरपार पाडणं जिकिरीचं, दुसरा मार्ग बरा.

ड्राइव्हवाला_कोल्हापूर

ठरलं मग. आत्ता वेळ कमी आहे म्हणून जॉ कपलिंग क्लॅम्पवालं, ८ च्या बाजूला काकांकडून रीमर आणि डी च्या सपाट भागावर येईल असा एक एम४ टॅप, चाकाच्या हबला ४ ची की, बुश घालून रेष आणि कोडमध्ये रॅम्प. हेक्सचं पुढच्या रोबोसाठी टीममध्ये मांडतो, मीनलताई, पार्टची यादी करताना तुम्हाला विचारलं तर चालेल ना? मोकळ्या चाकांचं काम कोडवाल्यांनी आजच सुरू केलंय. शेवटचं एकच, स्पायडर कुठल्या कडकपणाचा घ्यायचा आणि शाफ्ट आत किती घालायचा, आणि लॉकटाइट ६३८ (शाफ्ट भोकात पक्का चिकटवणारं) लावावं का क्लॅम्पला?

मीनल_मिशिगन

चालेल काय, नक्की विचार. सीएडी पाठवलंस तरी बघते.

चाकणवरून_एक_माजी

स्पायडर पॉलियुरेथेनचा ९८ शोअर ए घे, बहुतेक लाल रंगाचा येतो. पिवळा ९२ वाला धक्के छान गिळतो पण तुझ्या उलटसुलट चालीत लवकर चपटा होईल. चार जादा घेऊन ठेव, स्वस्त असतात, आणि प्रत्येक प्रॅक्टिसनंतर एक नजर टाक, पाकळ्यांच्या कडेला चुरा दिसला की बदल.

शाफ्ट हबच्या पूर्ण लांबीत गेला पाहिजे पण स्पायडरच्या मधल्या भागाला टेकता कामा नये, आणि दोन्ही हबमध्ये एक-दीड एमएम मोकळं राहू दे, नाहीतर कुंपणाला धडकल्यावर चाकाचा शाफ्ट सरकून सरळ गिअरबॉक्सच्या आत ढकलणार. त्यासाठी पिलो ब्लॉकच्या आतल्या रिंगचे ग्रब नीट आवळ आणि तिथेही शाफ्टवर सपाट कर, आडवा धक्का तेच थांबवतात.

६३८ क्लॅम्पला नको. ते एकदा धरलं की सोडवायला अडीचशे डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं, तेवढ्यात स्पायडरही जाईल आणि गिअरबॉक्सचं सीलही. क्लॅम्पच्या बोल्टला २४३ लाव, शाफ्ट आणि भोक थिनरने पुसून तेल काढ आणि कोरडंच आवळ. आवळल्यावर मार्करने शाफ्टवरून हबवर एक सरळ रेघ मार. मॅचच्या आधी चारही रेघा बघायच्या, तुटलेली दिसली तर तो हब सरकलाय, तेवढाच उघडायचा.